भुलोबाचे पिवळे हात

७ सप्टेंबर १९६५, मंगळवार

ही डायरी विनताची. तिला शाळेत निबंधाचं बक्षीस म्हणून मिळाली आणि जानेवारीपासून कोरीच पडली होती. काल म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलून राहते, और कोई सुनता नहीं. लिहून ठेव ना." नातीनं म्हटलं म्हणून लाडाचं वाटलं. सुनेनं म्हटलं असतं तर मी रात्री जेवले नसते.

मी दुसरी पास. तिसरीत असताना लग्न झालं, म्हणजे भागाकार यायच्या आधीच. गुणाकार तेवढा येतो. म्हणून माझी कोणतीही गोष्ट सांगताना वाढतेच, कमी होत नाही.

घरात आम्ही चौघं. मी अनसूया. माझा मुलगा अच्युत, फॅक्टरीत आहे. सून शरयू. आणि विनता, सोळा वर्षांची, जिला मराठी सगळं कळतं पण बोलताना अर्ध्या वाक्यात हिंदीच्या घरी जाऊन येते. पंचेचाळीस वर्षं जबलपुरात राहून माझंही काही वेगळं नाही, पण मी म्हातारी आहे, मला कोणी टोकत नाही.

लढाई आता जोरात सुरू झाली. इथल्या फॅक्टरीत तोफगोळे होतात म्हणून विमानं आधी इथेच येणार, असं पुंडलिकराव सांगून राहिले. हे आमच्याच लाइनीत राहतात, रेल्वेतून रिटायर झाले. महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी होतेच, आता वॉर्डनही झाले. शिट्टी मिळाल्यापासून त्यांची चाल बदलली आहे. येऊन म्हणाले, "वहिनी, काचांना काळा कागद लावा, आणि तुळशीजवळचा दिवा बंद."

"तुळशीचा दिवा विमानातून दिसतो?"

"दुश्मन फार बारीक पाहून राहिला, वहिनी."

मी दिव्यावर पातेलं पालथं घातलं, एका बाजूनं खडा लावून. तुळशीचंही झालं आणि सरकारचंही.

अच्युतची लढाईमुळे नव्या खात्यात बदली झाली. शरयू म्हणाली, रंगखातं. मी म्हटलं, बरं झालं, भराईखातं नाही. भराई म्हणजे जिथे गोळ्यांत दारू भरतात. चीनच्या लढाईत त्याला तिथे घातलं होतं, तेव्हा मी डबा घेऊन फॅक्टरीच्या गेटवर जाऊन बसले होते. रडले पण. कोण्या साहेबाला दया आली, आणि अच्युतला तिथून काढलं. पोरगं महिनाभर माझ्याशी बोललं नाही, कारण सगळे त्याला "अम्मा का बेटा" म्हणून चिडवायचे. तेव्हाच शपथ झाली की तो पुन्हा भराईत पाय ठेवणार नाही. शपथ मीच घेतली, त्याच्या वतीनं.

१० सप्टेंबर, शुक्रवार

आज भुलाबाई बसवली. शरयू म्हणाली, "आई, यंदा राहू द्या. ब्लॅकआउट आहे, साखर रेशनवर आहे." मी म्हटलं, "भुलाबाई काय साखर पाहून येते?"

विनतासाठी लिहून ठेवते, नाहीतर मी गेल्यावर कोणाला विचारेल. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोबा म्हणजे शंकर. भादव्याच्या पौर्णिमेला दोघांच्या मातीच्या मूर्ती बसवायच्या, वर ज्वारीच्या धांड्यांचं मखर करायचं, आणि कोजागिरीपर्यंत रोज पोरींनी जमून गाणी म्हणायची. हे आमच्या नागपूरकडचं. इथे बड्या फुहाऱ्याच्या बाजारात सगळं मिळतं, भुलाबाई मिळत नाही. म्हणून कुंभाराकडून शंकर-पार्वतीच आणते. शंकराला चिंधीचा फेटा बांधला की तो भुलोबा होतो. नंदी उरतो, तो मी दाराला टेकण म्हणून लावते.

गाण्यांनंतर खिरापत. म्हणजे प्रसाद, पण सरळ वाटायचा नसतो. डब्यात झाकून आणायचा, हलवून ऐकवायचा, आणि पोरींनी ओळखायचा. गोड की तिखट, कोरडं की ओलं, असं विचारत विचारत. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. माझी खिरापत कोणाला ओळखू येत नाही असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मुख्यतः मी. युक्ती एवढीच की मी डब्यात फडकं घालते, त्यामुळे फुटाणे वाजत नाहीत.

दिवे लावता येत नाहीत म्हणून पोरींना चारलाच बोलावलं. शेजारच्या मीराची मुन्नी पण आली. हिंदीवाले आहेत, पण खिरापतीला भाषा लागत नाही.

आता माझी फजिती. विनता म्हणाली, "आजी, मखराला पाच धांडे काहून?" खरं म्हणजे मझौलीच्या भाजीवाल्यानं पाचच आणले. मी म्हटलं, "पंचमहाभूतं." लगेच दुसरी म्हणाली, भुलोबाला फेटा काहून? मी म्हटलं, जटांतून गंगा सांडू नये म्हणून. पोरी अशा माना डोलावून राहिल्या की मला स्वतःलाच पटलं.

माहीत नाही म्हणायला पाहिजे होतं, कबूल. पण माहीत नाही म्हटलं की पोरी पुन्हा विचारत नाहीत. आणि जिला नात काही विचारत नाही ती आजी कसली, नुसती म्हातारी.

१४ सप्टेंबर, मंगळवार

अच्युतचे हात पिवळे झाले आहेत. दोन्ही तळवे, नखांच्या कडांपर्यंत, हळकुंडं कुटल्यासारखे. साबणानं जात नाहीत. मी म्हटलं, कावीळ तर नाही? पापणी ओढून डोळे पाहिले, पांढरे होते. शरयू घाईघाईनं म्हणाली, "आई, रंग आहे. ट्रकांवर पिवळे पट्टे मारतात." ब्लॅकआउटमध्ये ट्रकांना पिवळे पट्टे काहून हे मला कळलं नाही. माझ्या दिव्यावर पातेलं आणि यांचे ट्रक पिवळे. पण सरकारला माझ्यापेक्षा कळत असेल.

मात्र हे रंगखातं फार मायाळू दिसतं. रोज प्रत्येकाला फुकट दूध देतात. जोडे देतात, त्यांना एक खिळा नाही, पायाला टोचू नये म्हणून. अंगठी घरी ठेवून या म्हणतात, रंग लागेल. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, अच्युत आता काड्यांची पेटी नेत नाही. वीस वर्षांची बिडी सुटल्यातच जमा आहे. मी भुलाबाईला जास्तीचा गूळ ठेवला. शरयूला म्हटलं, बघ, देवी बसवली त्याचं फळ. ती तोंड फिरवून त्याचे कपडे धुवायला गेली. ते ती हल्ली वेगळे धुते, अंगणाच्या पार टोकाला. अशी नीटनेटकी सून मिळायला भाग्य लागतं. हे मी तिला सांगत नाही.

दुपारी मीरा चाळणी मागायला आली. तिचा नथ्थू अच्युतच्याच खात्यात आहे. अच्युत ओसरीवर बसून चहा घेत होता. मीरा त्याच्या हातांकडे पाहत राहिली. तो आत गेल्यावर हळूच म्हणाली, "इनके भी ऐसे ही हो गए हैं, अम्माजी."

तिचा चेहरा उतरलेला दिसला, म्हणून मी म्हटलं, "अगं, चांगलंच आहे की. शकुन आहे."

"हाथ पीले तो लड़कियों के होते हैं, शादी में."

"पण ते आलं कुठून?" मी म्हटलं. एकदा असं म्हटलं की मागे फिरता येत नाही. मग मी सांगितलं. भुलोबा भांग पिऊन रुसला आणि रानात निघून गेला. भुलाबाई भिल्लिणीचं रूप घेऊन शोधायला निघाली. इथपर्यंत माझ्या आईचं आहे. पुढचं माझं. भुलाबाईनं आपले हळदीचे हात त्याच्या हातांवर दाबले आणि म्हणाली, आता जा कुठे जायचं तिथे, हा रंग तुला घरी आणेल. तेव्हापासून ज्याचे हात पिवळे, तो संध्याकाळी घरी येतोच.

"सच्ची, अम्माजी?"

"सच्ची."

"एक बार फिर बताइए."

मी पुन्हा सांगितलं. या खेपेला रानात एक वाघही घातला. मीरा उठून गेली. चाळणी इथेच राहिली.

१९ सप्टेंबर, रविवार

मी काय करून बसले, लिहायलाच पाहिजे.

गुरुवारी पाचच्या भोंग्यानंतर मीरा दारात ताट घेऊन उभी. नथ्थू सायकलीवरून उतरला तशी म्हणाली, "हाथ दिखाओ." त्यानं दाखवले. तिनं दोन्ही तळव्यांच्या मधोमध कुंकवाचा ठिपका लावला आणि दिवा ओवाळला, दिवसाउजेडीच, म्हणजे वॉर्डनची हरकत नाही. सहा फुटांचा तो गडी, नव्या नवरीसारखा लाजला.

शुक्रवारी तीन दारांत ताटं होती. शनिवारी पलीकडच्या लाइनीतली मद्रासी बाई मला विचारायला आली, ठिपका आधी उजव्या हाताला की डाव्या? मी विचार केल्यासारखं करून म्हटलं, उजव्या. तिनं गाठ मारून घेतल्यासारखी मान हलवली.

हिशेबखात्यातल्या कारकुनांच्या बायका नाराज आहेत. त्यांच्या नवऱ्यांच्या बोटांना निळी शाई असते. एकीनं विचारलं, "आजी, निळ्याचं काही नाही का?" मी म्हटलं, दसऱ्यानंतर बघू.

आमच्या घरी मीच ओवाळते. अच्युत हात पुढे करतो, पण माझ्याकडे बघत नाही, जोड्यांकडे बघतो. शरयू माझ्या मागे उभी असते. काल तिनं तो आल्याबरोबर त्याचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. मी म्हटलं, "अगं, चहा टाक." लग्नाला अठरा वर्षं झाली. एवढं प्रेम म्हणजे नवलच. मला फार बरं वाटलं.

२३ सप्टेंबर, गुरुवार

लढाई थांबली. रेडिओनं सांगितलं. पुंडलिकरावांनी शेवटची शिट्टी वाजवली आणि ती उपरण्यात गुंडाळून ठेवली. बिचारे वाळून गेल्यासारखे दिसले. मी तुळशीच्या दिव्यावरचं पातेलं काढलं. आत कोळ्यानं घर केलं होतं.

पण रंगखात्याचं काम काही थांबलं नाही. अच्युत थकून येतो. जेवत नाही, डोकं धरून बसतो. ओठ जांभळट दिसतात, जांभळं खाल्ल्यासारखे. पण हा काही जांभळांचा मोसम नाही. शरयूला विचारलं तर म्हणाली, "ऊन लागलं असेल." सोमवारी रात्री हल्ली सगळेच उपास करतात, देशासाठी. हा मंगळवारचाही करून राहिला. देशभक्ती मला मान्य आहे, पण भाकरी मी केली होती.

२८ सप्टेंबर, मंगळवार

पुंडलिकराव आले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हाला ठाऊक आहे का, आपल्यात पिवळ्या हातांची फार प्राचीन प्रथा आहे."

मी म्हटलं, "असं? कोणी सांगितलं?"

"जुन्या बायका सांगतात."

"कोणत्या?"

"परंपरेत नावं नसतात, वहिनी." मग त्यांनी मला माझीच गोष्ट सांगितली. वाघसुद्धा होता. मधेच मी म्हटलं, "भुलाबाईनं हळदीचे हात दाबले," तर म्हणाले, "हळद नव्हे. गोरोचन, गाईच्या पित्ताचं. हळद ही मागाहून शिरलेली चूक आहे."

मला असा राग आला. माझ्याच डोक्यातून निघालेल्या गोष्टीत मलाच दुरुस्त करून राहिले. म्हटलं, "हळदच."

"तुम्हाला माहीत नसेल, वहिनी. तुमचा दोष नाही."

मंडळाच्या दिवाळीच्या स्मरणिकेत ते हे छापणार आहेत, विद्वानांच्या माहितीसाठी. मी त्यांना चहा दिला, त्यात आलं घातलं नाही. एवढाच सूड मला जमतो.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

अच्युत परवापासून घरी आहे. फॅक्टरीच्या डॉक्टरनं रक्त तपासून दहा दिवस विश्रांती सांगितली. शरयू म्हणाली, रंगाच्या वासानं डोकं दुखतं, म्हणून. दूध बंद झालं, ते मी गवळ्याकडून वाढवून घेतलं.

पण एक गोष्ट मला टोचून राहिली. त्याचे हात उतरून राहिले. काल तळवे पिवळे होते, आज नुसतेच फिकट पिवळसर. बोटांच्या टोकांना तर गेलाच रंग. शरयू मात्र रोज सकाळी त्याचे हात उजेडात धरून पाहते आणि खुश होते. विनता आज म्हणाली, "आजी, देख, कितने साफ हो गए." मीराही हसली. मला कळत नाही या बायांना काय झालं. पिवळे हात म्हणजे घरी परत येणारे हात. ते गेले तर?

हे मीच बनवलं होतं, मला आठवतं. सकाळी उठल्यावर नीट आठवतं. पण आता चारी दारांत ताटं असतात, मुन्नी रोज म्हणते "अम्माजी, पापा के हाथ पीले हैं, आ जाएँगे ना?", आणि मीच "हो" म्हणते. रोज म्हणून म्हणून ते माझंच राहिलं नाही. मी माझ्याच जाळ्यात बसले आहे, पातेल्यातल्या कोळ्यासारखी. फरक एवढाच की कोळ्याला भीती वाटत नसावी.

३ ऑक्टोबर, रविवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी जेवून अच्युत ओसरीवर झोपला होता. हात पालथे नव्हते, उघडे होते, पोरासारखे. रंग जवळजवळ गेला होता. मी स्वयंपाकघरातून वाटीत हळद आणली, दोन थेंब तेल घातलं, आणि बसून हळूहळू त्याच्या तळव्यांना लावली. लहानपणी त्याला असंच तेल लावायची. मला फार आनंद वाटून राहिला होता. आता पुन्हा सगळं ठीक, असं वाटलं.

त्याला जाग आली. त्यानं हात वर धरले आणि पाहिले.

माझ्या पोराचा चेहरा मी बेचाळीस वर्षं पाहते आहे. असा कधी पाहिला नव्हता. तो उठून नळाकडे पळाला आणि चुलीतली राख घेऊन हात घासायला लागला. घासतच राहिला. आवाजानं शरयू बाहेर आली. तिनं पिवळं पाणी वाहताना पाहिलं आणि भिंत धरली. "परत? घरी बसून?" म्हणाली. "अंगात उतरलं का हो? डॉक्टरांना बोलावू का?"

मी वाटी घेऊन उभी होते. म्हटलं, "हळद आहे रे. मी लावली."

त्यानं हात नाकाशी नेला. वास घेतला. मग धुण्याच्या दगडावर बसला. हसायला लागला, पण हसू काही नीट येईना. शरयू तिथेच खाली बसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

मी म्हटलं, "मला कोणी सांगेल का, काय आहे?"

विनता पुढे आली. "आजी, वो पेंट नहीं है. रंगखातं नाहीच. बाबा भराईत आहेत. पहिल्या दिवसापासून. ती दारू हाताला लागते ना, तिचा रंग आहे. रक्त खराब करती है."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"मुन्नीला?"

"मुन्नीला नाही," विनता म्हणाली. "तुला आणि मुन्नीला नाही."

दूध. बिनखिळ्यांचे जोडे. अंगठी. काड्यांची पेटी. डबा माझ्या कानाशी कोणी रोज हलवत होतं, आणि मी म्हणत होते, गोड आहे, गोड आहे.

४ ऑक्टोबर, सोमवार

दोडक्याची भाजी केली. अळणी झाली. सगळ्यांनी तशीच खाल्ली.

६ ऑक्टोबर, बुधवार

आज सकाळी मी डबा भरला. चार पोळ्या, भाजी, लोणचं. धुतलेलं लुगडं नेसले. शरयू अंघोळीला गेली तसा गेटचा रस्ता धरला. आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्या उतरले होते, तर मीरा समोर.

"अम्माजी, कहाँ?"

"गेट पर."

ती माझ्या हातातल्या डब्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अच्युत भैया नहीं जाएँगे तो कोई और जाएगा. किसी का तो बेटा जाएगा ना, अम्माजी."

ती रागावून बोलली नाही. रागावली असती तर मी भांडले असते, भांडण मला चांगलं येतं. तिच्या मागे नथ्थूची सायकल नव्हती. तो सकाळच्या पाळीला गेला होता.

मी पायरीवर बसले. म्हटलं, "तुझे मालूम था. फिर मुझसे दो दो बार कहानी काहून बोलवली?"

मीरा माझ्याजवळ बसली. "भोंगा होने तक कोई काम नहीं होता था मुझसे. दाल जल जाती थी. हर आवाज़ पर दरवाज़े पे. फिर आपकी कहानी ने थाली पकड़ा दी. कुंकू घोलो, दीया भरो, बत्ती बनाओ. चार बजे से हाथ में काम." मग म्हणाली, "कहानी झूठी है, यह तो उसी दिन जान गई थी. बाघ आया तभी."

डबा आम्ही दोघींनी तिथेच बसून संपवला. लोणचं तिला जास्त दिलं.

संध्याकाळी अच्युत माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, सोमवारी परत जायचं आहे. डॉक्टरनं सांगितलं, दहा दिवस बाहेर, मग आत. सगळ्यांचं असंच आहे."

"भराईतच?"

"भराईतच. तिथे घाई चालत नाही, आई. हात थरथरून चालत नाही. माझे हात स्थिर आहेत."

"ते माझ्याकडून आले," मी म्हटलं. "रांगोळी."

"तुझी रांगोळी वाकडी असते, आई."

खरं आहे. पण कितीतरी दिवसांनी तो माझ्याशी बोलताना जोड्यांकडे पाहत नव्हता. शपथेचं मी काढलं नाही. ती तशीही माझीच होती.

९ ऑक्टोबर, शनिवार, कोजागिरी

आज भुलाबाईचा शेवटचा दिवस. मोठी खिरापत करायची असते आणि आटवलेलं दूध. शरयूनं केशर भिजवायला वाटी काढली, मी परत ठेवायला सांगितली. नुसती वेलची घातली.

पोरी जमल्या. यंदा दिवे लावता आले. गाणी झाली, डबा हलवून झाला. मी फडकं घातलं नव्हतं. मुन्नीनं पहिल्याच खेपेला "चने" म्हटलं आणि सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या, म्हातारीला झालं काय म्हणून. मुन्नीला मी एक मूठ जास्त दिली.

दूध वाटलं तशी विनताची मैत्रीण लतिका म्हणाली, "आजी, कोजागिरीचं दूध पांढरं काहून? याचा काय अर्थ?"

माझ्या तोंडात काहीतरी तयार झालंच होतं, चंद्राचं, मोत्याचं. गिळलं.

"काही अर्थ नाही," मी म्हटलं. "दूध आहे म्हणून पांढरं."

पोरींचा विरस झाला. विनता मात्र माझ्याकडे पाहून हसली आणि माझ्या खांद्याला टेकून बसली, सगळ्यांच्या समोर, सोळा वर्षांची घोडी. मला फार बरं वाटलं. म्हणजे माहीत नाही म्हटलं तरी चालतं. एवढं कळायला बासष्ट वर्षं लागली. तिसरी पूर्ण झाली असती तर कदाचित लवकर कळलं असतं.

पुंडलिकराव दूध प्यायला आले होते. मी त्यांना बाजूला घेऊन सांगून टाकलं. "ती पिवळ्या हातांची प्रथा मी काढली. चौदा सप्टेंबरला. चाळणीच्या नादात."

ते माझ्याकडे दयेनं पाहत राहिले. "वहिनी, एवढ्या जणी करतात, ते काय एकटीनं काढलेलं असतं? तुम्ही कोणाकडून तरी ऐकलं असणार, आता आठवत नसेल." आणि दुधाचा दुसरा पेला घेऊन म्हणाले, "छापायला गेलंच आहे. गोरोचनासकट."

११ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी अच्युत गेला. अंगठी काढून ठेवली. काड्यांची पेटी कोनाड्यात. मी ओट्यावर उभी होते, मग विळी आणि मेथीची जुडी घेऊन बसले. मेथी दहा वाजताच निवडून झाली. मग तीच पुन्हा निवडली.

दुपारी एकदा लांब कुठेतरी ट्रकचं टायर फुटल्यासारखा आवाज झाला. मीरा तिच्या दारात आली, मी माझ्या. टायरच होतं. आम्ही दोघी आत गेलो.

चारला मी कुंकू घोललं. वात केली. ती जाड झाली, मोडून पुन्हा केली. शरयूनं निरांजनात तूप घातलं. मुन्नी येऊन उभी राहिली. "अम्माजी, चाचा के हाथ तो अब पीले नहीं रहे. फिर भी आएँगे?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाळा. ये, इथे बस. वाट पाहू."

ती माझ्या मांडीवर बसली. पाचचा भोंगा झाला. सायकली यायला लागल्या. नथ्थू आला, मीरानं ठिपके लावले. मग दोन अनोळखी आले. मग कोणी नाही, थोडा वेळ. मग अच्युत.

सायकल भिंतीला टेकवली आणि मी म्हणायच्या आधीच त्यानं दोन्ही हात पुढे केले. एकाच दिवसात रंग चढत नाही, नुसती नखं जरा कडेला मळलेली होती. मी ठिपका लावला, आधी उजव्या हाताला, मग डाव्या. शरयूनं दिवा ओवाळला.

पिवळे नव्हते. पण दोन होते. मी मोजले.